तळमजला, शटरसह

पहिली खोली उत्तरेश्वर पेठेत. पाच पायऱ्या.
आप्पांचा डावा पाय तीन मोजतो आणि थांबतो.
दुसरी राजारामपुरीत,
तिथं पायरी नव्हती, डिपॉझिट होतं.
तिसऱ्या घरची बाई चांगली होती.
चहा दिला, आप्पांचं वय विचारलं,
मग कपबशी उचलता उचलता म्हणाली,
"तसं काही नाही हो, पण
काही झालं-बिलं तर?
घरात लग्नाचं पोरगं आहे."

काही झालं-बिलं.
त्या 'बिलं'मध्ये किती सभ्यपणे
निजवला तिनं माझा बाप.

वहीच्या मागच्या पानावर:
साडीच्या दुकानातले माझे साडेनऊ हजार.
आप्पांची पेन्शन अकराशे सत्तर.
भाऊ चाकणहून पाठवतो, पाठवतो तेव्हा.
दिवसाची मावशी सहाशे, रात्रीची सातशे.
कळंब्याच्या पुढं एक वृद्धाश्रम आहे, झाडं आहेत,
महिना बारा हजार, आधी पन्नास,
डायपर तुमचे.
वरून खाली बेरीज केली,
खालून वर केली.
दोन्हीकडून आप्पाच उरले.

आनंदा धोंडी खाडे, मोल्डर,
उद्यमनगरात चौतीस वर्षं.
ओली वाळू पेटीत ठोकायची
आणि पॅटर्न असा अलगद उचलायचा
की कड ढासळता कामा नये.
किती विहिरींवरच्या पंपांची पोटं
या हातांनी घडली, आप्पांनाही ठाऊक नाही.
हयातीच्या दाखल्याला अंगठा टेकवला.
जुळत नाही, म्हणालं मशीन.
मग तर्जनी. मग उरलेली सगळी.
रेषा वाळूनं केव्हाच घासून नेल्या होत्या.
आप्पा समोर उभे, श्वास घेत,
माझ्या खांद्यावर निम्मं वजन टाकून.
साहेब म्हणाले, उद्या या.
उद्या सर्व्हर नव्हता.
निराधारच्या अर्जावर तलाठी म्हणाला,
मुलगा आहे की तुम्हाला.
मी म्हटलं, आहे. चाकणला.
त्यानं फक्त 'आहे' एवढंच लिहून घेतलं.

मग एजंट मुजावरचा फोन.
"ताई, खोली न्हाई, गाळा हाय. फुलेवाडीत.
मागं मोरी, संडास दाराशीच.
शटर तेवढं कुरकुरतंय."
मालकीण अक्काताई मगदूम, कमरेत वाकलेल्या.
या वेळी मीच आधी विचारून टाकलं,
आजारी माणूस आहे, काही झालं-बिलं तर?
"व्हतंय की," म्हणाल्या,
"आमच्या मालकांचं ह्याच घरात झालं.
भिंत पडली न्हाई.
पाण्याची मोटर तेवढी बंद कराय सांगायचं मला,
मी विसरतो."
भाडं अडीच हजार.

आता दुपारची आंबील अक्काताईंची,
मोटरची आठवण आप्पांची.
संध्याकाळी तालमीतला रणजित येतो,
आप्पांना एका दमात उचलून खुर्चीत ठेवतो,
म्हणतो, वजन उतरलंय, खावा जरा.
पैसे घेत नाही. अंडी घेतो.
रात्र माझी.
कूस बदलायची दोनला, पाचला,
आणि दहा वाजता काउंटरवर
पैठणीचा पदर हसून उलगडायचा.
शटर पूर्ण ओढत नाही.
ओढलं की आप्पा दचकून विचारतात,
"सुट्टी झाली काय?"

गाळ्यात आधी झेरॉक्सचं दुकान होतं.
पाटी अजून वर आहे,
उतरवायला शिडी लागते आणि रविवार लागतो.
लोक येतात. सातबारा, आधार,
पोरांचे शाळेचे दाखले,
"आजोबा, दोन प्रती."
आप्पा कागद घेतात,
पुढून बघतात, पालथा करून बघतात,
गुळगुळीत अंगठ्यानं कड चाचपतात,
ढासळली नाही ना बघतात,
आणि परत देऊन
अगदी साहेबांच्या आवाजात सांगतात,
"उद्या या."

परवा एक म्हातारी
खरंच दुसऱ्या दिवशी आली.
पिशवीतनं कागद काढलाच नाही तिनं.
उंबऱ्यावर बसली,
म्हणाली, पाणी हाय का?